चौथ्या मिनिटाला अडकलेला बकरा

सिनेमा ऑपरेटरला कुणी कधी विचारू नये, की अमुक सिनेमा कसा होता. चाळीस वर्षांत मी किती सिनेमे लावले त्याची गणती नाही, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिले ते एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. मला विचाराल तर मी सांगेन, त्याचं तिसरं रीळ फाटकं होतं, किंवा त्याच्या मध्यंतरात समोसे संपायचे. दिवाळी अंकासाठी कामाचे अनुभव लिहा असं संपादकांनी कळवलं तेव्हा आमची बायको जुबेदा हसत सुटली. म्हणाली, "तुमी काय लिवणार? लाईट लावला, लाईट बंद केला."

तर असा मी लाईट लावणारा आणि बंद करणारा माणूस. गाव श्रीवर्धनच्या बाजूचं. बाविसाव्या वर्षी मामूंच्या ओळखीनं मस्कतला आलो आणि तिथल्या रुवी भागातल्या एका थिएटरात ऑपरेटरच्या हाताखाली लागलो. गेली आठ वर्षं मस्कतपासून दीड तासावरच्या रुस्ताकला, मॉलमधल्या दोन पडद्यांच्या सिनेमागृहात आहे. बढत्या, बदल्या, पगारवाढी यांचं पुराण लावत नाही. मला सांगायचंय ते सिनेमाच्या आधी दाखवायच्या पाच-सात मिनिटांच्या कार्टूनबद्दल. ते कसं गेलं, कसं परत आलं, आणि दोन्ही वेळा माझा हात कुठे होता.

माझ्या सुरुवातीच्या काळात सिनेमा म्हणजे वीस-वीस मिनिटांची सात-आठ रिळं, पत्र्याच्या डब्यांत. हिंदी सिनेमाची प्रत ओमानात एकच यायची आणि ती दोन थिएटरांत वाटून चालवायची. मस्कतच्याच मत्रह भागातल्या थिएटरात एक रीळ संपलं की गाडीत घालून आमच्याकडे. गाडी वेळेवर आली तर ठीक. नाही आली तर प्रेक्षक शिट्ट्या मारायला लागायचे आणि आमचे मुख्य ऑपरेटर ओरडायचे, "कार्टून लाव!" कार्टूनचं छोटं रीळ, एका धडपड्या अस्वलाचं, मात्र आमच्या हक्काचं होतं. सात मिनिटं मिळायची. तेवढ्यात गाडी यायची. उलट कधी खेळ आधीच उशिरानं चालला असेल तर हुकूम व्हायचा, "कार्टून उडव!" लावायचं की उडवायचं हे घड्याळ ठरवायचं. बघणाऱ्याला काय वाटतं हे आम्ही कधी विचारलं नाही.

एकानं मात्र आपणहून सांगितलं. मत्रहच्या मासळीबाजारात बसणारा सईद नावाचा एक म्हातारा ओमानी दर गुरुवारी यायचा. पूर्ण तिकीट काढायचा, पुढच्या रांगेत बसायचा, कार्टून बघायचा आणि सिनेमाची नावं सुरू झाली की उठून घरी जायचा. मला वाटलं, म्हाताऱ्याला लघवीचा त्रास असेल. एकदा मोडक्यातोडक्या अरबीत विचारलं, बाबा, पैसे देता मग सिनेमा का बघत नाही? तो म्हणाला, "तुमची गाणी मला कळत नाहीत. खाली अक्षरं येतात ती मला वाचता येत नाहीत. अस्वल पडलं की मला कळतं."

कार्टून बंद का झालं असं विचारलं तर सगळे टीव्हीकडे बोट दाखवतात. दिवसभर घरात फुकट कार्टून दिसायला लागल्यावर थिएटरात कोण बघणार, हे खरंच आहे. पण आतल्या माणसाला आणखी एक गोष्ट माहीत आहे. आमच्या अर्बाबना, म्हणजे मालकांना, त्या सात मिनिटांत जाहिराती दाखवायला मिळाल्या. मालक माणूस वाईट नव्हता, पण जाहिरात कमावते आणि कार्टून नुसतं वेळ खातं हे त्याला एका दिवसात पटलं. पुढच्या गुरुवारी सईद आला, साबण, टायर आणि बिस्किटांच्या जाहिराती बघत बसला. सिनेमा सुरू झाला तसा जिना चढून माझ्या केबिनच्या दारात आला.

"वेन कार्टून?" कार्टून कुठे गेलं?

"खलास," मी म्हटलं.

"इन्शाल्ला," असं म्हणून तो जिना उतरून गेला. पुन्हा कधी आला नाही. आणि खलास हा शब्द मी उगाच नव्हता वापरला. रीळ मशीनवर चढवताना सिनेमाचा भाग खराब होऊ नये म्हणून पुढे कोरी पट्टी जोडायची असते. ती संपली की आम्ही रद्दी फिल्म वापरायचो. ते अस्वलाचं रीळ मी माझ्या हातानं, माझ्या कात्रीनं तुकडे तुकडे करून तिथे वापरलं होतं. त्या वेळी काही वाटलं नाही. आता वाईट वाटतं, आणि फार वाटतं.

पुढे फिल्म गेली, डिजिटल आलं. डबे जाऊन सिनेमा डिस्कवर यायला लागला. डिस्क सर्व्हरला जोडायची, सिनेमा आत उतरवून घ्यायचा, जाहिरातींच्या मागे लावून ठेवायचा. बटण दाबलं की दिवेसुद्धा आपले आपण मंद होतात. हे सगळं मला शिकवलं आमचे मॅनेजर वानखेडे साहेब यांनी. मूळचे अकोल्याचे, शिक्षणानं इंजिनिअर, राहायला मस्कतला अल् घुब्रात. मुलं तिथल्या इंडियन स्कूलमध्ये म्हणून स्वतः रोज गाडी हाकत रुस्ताकला येतात. वक्तशीर, शिस्तीचे, आणि प्रत्येक गोष्ट कागदावर हवी असणारे. दोन मिनिटं एसी बंद पडला तरी त्याची नोंद. ती नोंद जशी घडलं तशी, ना एक शब्द कमी ना जास्त. एकदा त्यांच्या स्वतःच्या चुकीनं खेळ रद्द झाला तेव्हा स्वतःच्याच नावानं अहवाल पाठवणारा हा माणूस.

दोनेक वर्षांपासून एक नवल दिसायला लागलं होतं. परदेशातल्या मोठ्या कार्टूनपटाच्या आधी अधूनमधून पाच मिनिटांचं छोटं कार्टून डिस्कवर यायचं. लोक पॉपकॉर्न खायचे थांबून बघायचे. मी वानखेडे साहेबांना म्हटलं, आपल्या वेळचं परत येतंय. ते म्हणाले, "तुमच्या वेळचं, इक्बालभाई. मी तेव्हा अकोल्यात अभ्यास करत होतो."

आणि मग एक दिवस बुसैना आली. वय पंचविशीचं, बापाचं दुकान रुस्ताकच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, आजोळ मत्रहला. तिथल्या भारतीय व्यापाऱ्यांच्या शेजारात वाढल्यामुळे हिंदी माझ्यापेक्षा साफ. तिनं तीन वर्षं खपून एकटीनं सात मिनिटांचं कार्टून काढलं होतं. ईदच्या आधी इथे जनावरांचा बाजार भरतो, त्याला हब्ता म्हणतात. तिच्या गोष्टीत त्या बाजारातून एक बकरा सुटतो आणि सगळं गाव त्याच्या मागे लागतं. एक शब्द बोलणं नाही. चौथ्या मिनिटाला बकरा फलजपाशी येतो. फलज म्हणजे डोंगरातलं पाणी गावात आणणारा पाट. मागे गाव, पुढे पाणी, आणि बकरा उडी मारतो. ती उडी काढायला तिला चार महिने लागले होते. ऑफिसात लॅपटॉपवर तिनं ती दाखवली तेव्हा वानखेडे साहेबांसारखा माणूस खुर्चीतून अर्धा उठला.

परवानगीचे कागद तिनं स्वतः आणले. कंपनीच्या मस्कतच्या ऑफिसाकडे साहेबांनी लिहिलं, मीही मागे लागलो. उत्तर आलं ते तोलूनमापून. ईदच्या दुसऱ्या दिवशी चारच्या खेळाला एकदा लावून बघा. नीट पार पडलं तर दर शुक्रवारी मुलांच्या खेळाआधी असं एक स्थानिक कार्टून दाखवू. त्यापायी मुख्य सिनेमात काही गडबड झाली तर बाहेरचा माल पुन्हा घेणार नाही. बुसैनाच्या मागे आणखी तिघीचौघी काहीबाही काढत होत्या. त्या सगळ्यांचं दार त्या एका खेळावर होतं.

आता माझी चूक. ही चूक डिजिटलच्या पोरानं केली नसती आणि फिल्मच्या काळात ती चूक ठरली नसती.

फिल्म तपासायची आमची एक पद्धत होती. रिळाचं तोंड बघायचं, शेपूट बघायचं, आणि मधलं बोटानं तपासायचं. रीळ उलटं गुंडाळताना फिल्मच्या कडेच्या भोकांवर बोट धरलं की कुठे भोक फाटलं असेल तिथे टोचतं. वीस मिनिटांचं रीळ न बघता बोटानं वाचता यायचं. या बोटाचा मला फार अभिमान. डिजिटलमध्ये बोट कुठे धरणार? तिथे डिस्कवरून सिनेमा उतरवला की सर्व्हर स्वतः शब्दन् शब्द पडताळून बघतो, एक पट्टी सावकाश शंभरापर्यंत सरकते. ती पुरी होऊ द्यायची असते.

ईदच्या दिवशी दुपारी मी बुसैनाचं कार्टून उतरवून घेत होतो. मुलगी आणि जावई घुब्राहून आले होते, घरी बिर्याणी दमावर होती, जुबेदाचे तीन फोन येऊन गेले होते. कार्टून उतरलं होतं, पडताळणीची पट्टी साठावर रेंगाळत होती. मी ती रद्द केली. तोंड बघितलं, बाजार दिसला, आवाज नीट. शेपूट बघितलं, नावं नीट. डिस्क ड्रॉवरमध्ये ठेवून घरी गेलो. मधलं तपासायला बोट नव्हतं हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी चारच्या खेळाला पाय ठेवायला जागा नव्हती. नव्या पांढऱ्या पायघोळ दिशदाशातली पोरं, चकाकत्या फ्रॉकातल्या पोरी, आपल्याकडची कुटुंबं. तिसऱ्या रांगेत बुसैना आणि तिचे आईबाप. हल्ली केबिनमध्ये कुणी थांबत नाही, पण मी थांबलो. खेळ सुरू झाला. पहिल्या मिनिटाला बकरा सुटला आणि हॉल हसला. असं हसणं मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. दुसऱ्या मिनिटाला तो हलव्याच्या दुकानातून गेला. तिसऱ्याला त्यानं एका शेखची टोपी पळवली, तेव्हा बायकासुद्धा मोठ्यानं हसल्या. चौथं मिनिट लागलं. बकरा फलजकडे धावला, पुढचे पाय उचलले.

पडदा काळा झाला.

आवाजही गेला. सर्व्हरवर लाल खूण. मला विचार करावाच लागला नाही. साठावर थांबवलेली पट्टी डोळ्यांपुढे आली. हॉलमध्ये गलका झाला. वॉकीटॉकीवर साहेब ओरडले, "इक्बालभाई, काय झालं?"

"अडकलं साहेब."

"सोडा ते. फीचर टाका. यल्ला, फास्ट!"

माझा हात मुख्य सिनेमाच्या बटणावर होता. खरं सांगतो, साहेबांनी सांगायच्या आधीच तो तिथे गेला होता. चाळीस वर्षांची सवय. उशीर झाला, कार्टून उडव. केबिनच्या काचेच्या भोकातून खाली बघितलं तर तिसऱ्या रांगेत बुसैना उभी राहून वर माझ्याकडे बघत होती. आईनं तिचा हात खाली ओढला तरी बसेना.

"साहेब, दोन मिनिटं द्या."

"ऑफिसची अट विसरलात का? फीचरला उशीर झाला की संपलं सगळं!"

"दोन मिनिटं," एवढंच म्हणून मी वॉकीटॉकी खाली ठेवला. खराब भाग कुठे संपतो ते शोधायचं होतं. चार मिनिटं वीस सेकंदांवर टाकलं, काळं. चार चाळीसवर टाकलं, काळं. बोटं घामानं घसरत होती. खाली गलका वाढत चालला होता. कुणाचा तरी बाप "रीफंड" म्हणाला, ते काचेतून ऐकू आलं. इतक्यात एका पोरानं अंधारात आवाज काढला, "बेंऽऽ!" दुसऱ्यानं काढला. बघता बघता दीडशे पोरं अंधारात बकऱ्यासारखी ओरडायला लागली, ओमानी, मल्याळी, आपली, सगळी. मला रडू येत होतं आणि हसूही. पाच मिनिटांवर टाकलं आणि पडद्यावर चित्र आलं. बकरा पाटाच्या पलीकडे होता, एका म्हाताऱ्याच्या खाटेखाली लपत होता. पोरांनी टाळ्या पिटल्या. पण उडी गेली होती. चार महिन्यांची उडी कुणीच बघितली नाही.

मुख्य सिनेमा चार मिनिटं उशिरा सुरू झाला. तो सुरू होताच मी ड्रॉवरमधून बुसैनाची डिस्क काढली, पुन्हा उतरवून घेतली आणि या वेळी पट्टीकडे बघत बसलो. शंभर झाली. हिरवी खूण. तिच्या डिस्कवर कणभरही दोष नव्हता. आमच्याकडे उतरताना काहीतरी बिघडलं होतं, आणि पट्टी पुरी होऊ दिली असती तर आदल्या दिवशीच कळलं असतं. हे जगात फक्त मला माहीत होतं.

वानखेडे साहेब अहवालाचा फॉर्म घेऊन वर आले. त्यात कारणाच्या तीन चौकटी असतात, मशीन, माल आणि ऑपरेटर. साहेबांनी दार लावून घेतलं आणि विचारलं, "पडताळणी केली होती ना?"

मी मान खाली घातली.  साहेब पेन काढून हळू आवाजात म्हणाले, "पुढच्या महिन्यात तुमच्या कराराचं रिन्यूअल आहे. तुमची मुलगी इथे, नात इथे. ऑपरेटर लिहिलं तर या वयात ते तुम्हाला ठेवणार नाहीत. मी माल लिहितो. फाइल खराब आली, संपला विषय."

या माणसानं आयुष्यात कागदावर खोटी ओळ लिहिली नव्हती, आणि माझ्यासाठी तो ती लिहायला तयार झाला होता. त्यांचं पेन चौकटीवर टेकलं होतं. खोटं कशाला बोलू, माझ्या तोंडून 'नको' निघालं नाही. आयराचा, माझ्या नातीचा चेहरा डोळ्यांपुढे आला. ती मराठी अडखळत बोलते, ती जे दहा-पंधरा शब्द बोलते ते माझ्यामुळे. मी म्हणणार होतो, लिहा साहेब.

दारावर टकटक झाली. बुसैना आत आली. रडून झालं होतं, डोळे लाल होते.

"अंकल, मेरी फाइल में क्या ग़लती थी? मैंने तीन बार चेक किया था. मुझे बता दीजिए, मैं बाक़ी लड़कियों को भी बता दूँगी. वो ऐसी ग़लती न करें."

साहेबांनी फॉर्म पाठीमागे धरला आणि माझ्याकडे बघितलं.  तिला काय सांगायचं? एक चूक शोधत ती आणखी तीन वर्षं घालवणार, जी तिनं केलीच नव्हती. त्या बाकीच्या मुलीही तिच्याबरोबर घालवणार.

"तुम्हारी फ़ाइल ठीक थी, बेटा," मी म्हटलं. "मैंने नहीं जाँची."

तिला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा ती माझ्यावर ओरडेल असं वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "वो छलाँग किसी ने नहीं देखी, अंकल," आणि निघून गेली.

"वेड लागलंय का तुम्हाला?" साहेब कडाडले. "मी सांभाळून घेत होतो ना!"

"साहेब, माल लिहिलं तर तिला पुन्हा दार उघडणार नाही."

"आणि तुम्हाला?"

मी त्यांच्या हातून फॉर्म घेतला, ऑपरेटरच्या चौकटीत खूण केली आणि खाली सही केली. साहेब आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले. त्यांचा राग मला समजत होता. पहिल्यांदाच वाकायला तयार झालेल्या माणसाला मी तसाच अर्ध्यात सोडून दिला होता.

तीन आठवड्यांनी एकाच दिवशी ऑफिसची दोन पत्रं आली. दोष मालाचा नव्हता, तेव्हा शुक्रवारची कार्टूनं सुरू करायला हरकत नाही, हे पहिलं. ते साहेबांनी मोठ्यानं वाचलं. दुसरं त्यांनी न वाचताच माझ्या हातात दिलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले. पत्रात माझ्या दीर्घ सेवेबद्दल आभार होते.

त्या शुक्रवारी बकरा पुन्हा लागला. मी स्वतः उतरवून घेतला, पट्टी शंभर होईपर्यंत खुर्चीतून हाललो नाही. खेळाच्या वेळी साहेब वर आले आणि माझ्या शेजारी भोकाशी उभे राहिले. चौथं मिनिट लागलं. बकऱ्यानं पुढचे पाय उचलले, मग मागचे, आणि तो पाण्यावर लांबच लांब तरंगत राहिला. खाली सगळा हॉल श्वास रोखून बसला होता. तो पलीकडे टेकला आणि असा गलका उठला की काच थरथरली. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

घरी आलो तेव्हा जुबेदा तांदळाच्या भाकऱ्या करत होती. बकऱ्याचं सगळं तिला माहीत होतं, पत्राचं अजून सांगितलं नव्हतं. ते ओट्यावर ठेवलं आणि म्हटलं, "सामान बांधायला घे. पुढच्या महिन्यात गावाला निघायचंय. कायमचं."

तिचा हात थांबला. "कशापायी?"

"एका बकऱ्यापायी."

 तिनं तव्यावरची भाकरी उलटली, फुगेपर्यंत बघत राहिली, उतरवून ठेवली. पत्राला हातसुद्धा लावला नाही.

"मारलीन काय उडी?" तिनं विचारलं.

"मारलीन."

"मंग ठीक हाय," ती म्हणाली आणि पदरानं तोंड पुसलं. "कपाटावरची मोठी बॅग तेवढी काढून द्या. माझा हात पोचत नाय."